औशाजवळ घर बांधायचंय, फ्रेम का लोड बेअरिंग?

शिवारातला
राम राम मंडळी. जुनं माळवद उतरवून तिथंच तळमजला आणि वर एक मजला काढायचाय. जमीन काळी. मिस्त्री म्हणतोय, लोड बेअरिंगच करा, म्हणजे वजन भिंतीच पेलतील, त्या जाड घ्या, कॉलमचा खर्च कशाला? भूकंपाचा भाग, मन घेत नाही. काय करावं?

खडीवाला_उदगीर
फ्रेमच करा दादा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात माणसं जाड भिंतींखालीच गेली. दगडमातीची भिंत, आतला थर बाहेरच्या थराला बांधलेला नाही, वर माळवदाच्या मातीचं ओझं. कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी लाकडी खण (खांब-तुळयांचा सांगाडा) उभे राहिले. आरसीसी फ्रेमचं तत्त्व तेच, वजन कॉलम-बीम पेलतात.

पण फ्रेमचा जीव जोडात असतो. उभ्या सळयांभोवती बांधतात त्या रिंगची टोकं 90 अंशात वाकवून सोडली तर हादऱ्यात उघडतात आणि उभी सळई बाहेर फुगते. 135 अंशात आत वळवून घ्या, पुढं टोक किमान 65 मिमी. जोडाजवळ रिंगांतलं अंतर 100 मिमीच्या वर नको. बीम जिथं कॉलमला मिळतो तिथं आतही रिंगा हव्यात, सळई बांधणारे हमखास तिथंच टाळतात. 9 इंची (साधारण 230 मिमी) कॉलम भिंतीत लपतो म्हणून सगळे मागतात, भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामाचं भारतीय मानक आयएस 13920 (2016) मात्र किमान 300 मिमी सांगतं.

मुरूमपट्टी
आधी पाया बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पक्का मुरूम लागेपर्यंत खोदा. निघालेली माती परत भरू नका, मुरूम टाकून पाणी मारत थरावर थर कुटा. प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीचा बीम, सोडायचा नाही. मुरूम फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलचं (खाली फुगीर केलेला, जमिनीत खोल ओतलेला खांब) इंजिनिअरला विचारा.

शिवारातला
लई उपकार. सळई 500 ग्रेडची का 500डी? आणि क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते का?

खडीवाला_उदगीर
500डी घ्या, तुटण्याआधी जास्त ताणली जाते. क्रश सँड चालते, धुतलेली बघा. एम20 ग्रेडच्या काँक्रीटला सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्यामागं 30 लिटरच्या वर पाणी नको. स्लॅबच्या दिवशी मजूर सरळ पाइप सोडतात, त्या दिवशी मिक्सरपाशी स्वतः थांबा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान 10 दिवस पाणी मारावं लागतं. एप्रिल-मेत टँकरचे हाल असतात, म्हणून स्लॅब दिवाळीनंतर लगेच धरा.