मदत हवी आहे: एकाच घरातून दोन उलट विनंत्या आल्या तर देवाजवळ काय मागावे?

सर्वांना ख्रिस्तात सलाम. आम्ही सोलापुरात गृहप्रार्थना चालवतो. विनंत्या चिठ्ठीवर येतात, मोठ्याने वाचून मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी, प्रार्थना होते. या बुधवारसाठी एकाच घरातून दोन चिठ्ठ्या आल्यात. आईची : मुलाला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतच काम लागू दे. मुलाची : पुण्याची नोकरी पक्की होऊ दे. दोघेही समोरच बसणार.

एरवी आम्ही येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचा क्रम धरतो. आधी देवाचे नाव, राज्य, इच्छा, मग रोजची भाकर. त्यात हावेची मागणी आपोआप उघडी पडते (बायबलातील याकोबाचे पत्र 4:3). पण इथे हाव कुणाचीच नाही. नुसते ‘तुझी इच्छा होवो’ म्हटले की प्रार्थना गुळमुळीत होते. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी, प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा हे आधी स्पष्ट मागितले, मग पित्याच्या इच्छेवर सोपवले. तो पहिला भाग गाळायचा कसा? फक्त ज्ञान मागितले (याकोब 1:5) तर दोघांनाही आपली चिठ्ठी बाजूला सारल्यासारखी वाटते, आणि ते खरेच वाईट आहे.

चिठ्ठ्या टाकून किंवा बायबल कुठेही उघडून कौल काढणे नको. पाळकसाहेब गावी आहेत. मुलाला सोमवारपर्यंत कंपनीला कळवायचे आहे.

दोन्ही मागण्या जशाच्या तशा देवापुढे ठेवाव्यात, की त्यामागची गरज, म्हणजे आईला आधार आणि मुलाला पगार, एवढीच मागावी? तुमच्या मंडळीत अशा वेळी नेमके कोणते शब्द वापरता?