एव्हरग्लेड्सचं पाणी खरंच वाहतं का?

दिवाडकर:
फेब्रुवारीत मुलीकडे फ्लोरिडाला गेलो होतो. टामियामी ट्रेल या रस्त्यावरून जाताना तिनं एव्हरग्लेड्स ही गवताळ दलदल दाखवली. वाटाड्या म्हणाला, हे सगळं पाणी वाहतंय, दक्षिणेला समुद्राकडे. मी अर्धा तास कठड्याला रेलून एका तरंगत्या काडीवर नजर ठेवली. काडी जागची हलली नाही! पाणी मात्र तळ दिसेल इतकं नितळ. त्यानं थाप मारली की माझी नजर कमी पडली?

मायामीकर:
थाप नव्हे, काका. उतार किलोमीटरला जेमतेम तीन-चार सेंटीमीटर, त्यात सॉग्रास हे करवती पात्यांचं गवत दाट. काडी हलणार कशी? शिवाय तुम्ही आलात कोरड्या दिवसांत, इथला पाऊस मे ते ऑक्टोबर. नितळ अशासाठी, की त्या पाण्यात खत फारसं नाही. खतातला फॉस्फरस लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर गेला की सॉग्रास हटतं आणि पाणकणीस माजतं. ओकीचोबी तळ्याच्या दक्षिणेला उसाची शेतं आहेत, तिथून खत उतरतं.

कोरगुट:
दिवाडकर, तुम्ही गोव्यातल्या दिवाडीचे, मानस, म्हणजे खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधातलं पाण्याचं दार, बघत वाढलेले. तुम्हीच उभे होतात तो ट्रेल १९२८ सालचा. प्रवाहाला आडवा घातलेला बांधच तो, आणि पाणी जायला वाटा मोजक्या. मैलभराचा पहिला पूल २०१३ मध्ये झाला. उलट आपल्या मानशीचं दार ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतं, भरतीला मिटतं, कुणी हात लावायला नको.

दोन वर्षांमागे आमच्या मानशीची एक फळी कुजली. दुरुस्ती लांबली आणि खारं पाणी शेतात शिरलं. खार सोसणारा कोरगुट भातसुद्धा पिवळा पडला. पुढच्या पावसात बाबांनी शेतात पाणी तुंबवून तीनदा सोडलं. दर खेपेला चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे, थुंकायचे, म्हणायचे, ‘अजून एक पाणी.’ एव्हरग्लेड्सचं दुखणंही हेच. तळ्याचं गोडं पाणी कालव्यांनी पूर्व-पश्चिमेला समुद्रात काढून दिलं, मग दक्षिणेकडून खार आत सरकला. २००० पासून ते पाणी पुन्हा दक्षिणेला वळवायची मोठी योजना चालू आहे, पण काम रखडत रखडत.

दिवाडकर:
जिभेवरची माती पटली, आमचे आजोबाही तेच करत. आता ऑगस्टमध्ये जातो, काडी घेऊन. डास किती असतात?

मायामीकर:
काका, तुमच्या खाजनाला लाजवतील.