अनुभव धागा: घर बदललं, पत्ता कुठे अडकला?

मागच्या जूनमध्ये आम्ही कोथरूडहून वाकडला राहायला आलो. टेम्पो एका दिवसात रिकामा झाला, पत्ता मात्र अजून निम्मा कोथरूडलाच आहे. नवं डेबिट कार्ड जुन्या घरी गेलं आणि कुलूप बघून बँकेत परत. तुमचं काय काय कुठे अडकलं ते लिहा. सल्लेही चालतील, पण आधी गंमत सांगा.

—

आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा आम्ही दादरहून डोंबिवलीला भाड्याने आलो. आजीची पत्रं, लग्नाच्या पत्रिका सगळं जुन्या पत्त्यावर, आणि तिथे आता पत्र्याचं कुंपण. जुन्या पोस्टात पोस्टमास्तरांच्या नावे साधा अर्ज दिला: कोणाकोणाची पत्रं, जुना पत्ता, नवा पत्ता, प्रत्येकाची सही. मग पाकिटावरचा दादरचा पत्ता खोडून बाजूला निळ्या पेनाने डोंबिवली लिहिलेलं येऊ लागलं. आजी ते अक्षर ओळखायची, "आपल्या पोस्टमनचंच आहे."

कुरियरला अर्थातच हे लागू नाही. एक पार्सल कुंपणावरच्या वॉचमनने सही करून घेतलं. त्यात आजीचा नवा चष्मा. आणायला गेले तर त्याने तो लावूनही पाहिला होता. "नंबर लागत नाही," म्हणाला.

—

पिनकोड बदला हो! मी पुण्याहून नाशिकला आलो, बँकेच्या अर्जात पत्ता नवा लिहिला आणि पिन सवयीने ४११ वाला. चेकबुक पुण्याला जाऊन, फिरून आलं. नाशिकचा ४२२ ने सुरू होतो. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन आणला तो सारख्या नावाच्या गावांचा घोळ मिटवायला. महाराष्ट्रात पिंपळगावं किती आहेत ते आठवा. मी मात्र घोळ परत घालून दाखवला.

—

भाडेकरूंची व्यथा वेगळी. बँक म्हणे रजिस्टर्ड करार आणा. मालक म्हणे कशाला रजिस्टर, नोटरी पुरते. खरं तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणी करायची जबाबदारी मालकाचीच. हे त्यांना ऐकवलं तर तोंड असं केलं की मीच घर बळकावतोय. शेवटी खर्च माझा, या बोलीवर झाली नोंदणी. अकरा महिन्यांनी पुन्हा तेच.

—

लग्नानंतर आधारचा पत्ता बदलायला माझ्या नावाचं एकही बिल नव्हतं. २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन बदलता येतो, म्हणून सासऱ्यांचा आधार नंबर टाकला. संमती द्यायला तीस दिवस. ओटीपी जातोय सासऱ्यांच्या बंद पडलेल्या सिमवर! आधी त्यांचा मोबाइल नंबर बदलायला रांगेत उभं राहिलो, तोवर तीस दिवस संपले. दुसऱ्यांदा जमलं.

—

मतदार यादीचं फॉर्म ८ भरून झालं. त्रास काही नाही.

—

माझं उलट. आमच्या फ्लॅटवर आधीच्या भाडेकरूंचीच पत्रं जास्त. एकदा त्यांच्या मुलीच्या नावे नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं, तारीख चार दिवसांवर. वॉचमनकडे नंबर नव्हता, इस्त्रीवाल्याकडे सापडला. मुलगी त्याच संध्याकाळी स्कूटरवरून येऊन घेऊन गेली. दोन महिन्यांनी तिचे वडील पेढे घेऊन आले. चहा झाला, उठता उठता दारात थबकले.

"अजून काही आलंय का हो?"