डिफेन्स म्हणजे आडवं येणं नाही

ऑनलाइन कार रेसिंगच्या गेममध्ये डिफेन्स, म्हणजे मागच्याला पुढे जाऊ न देणं, कसं करायचं यावर एकाने "मागची गाडी जिकडे जाईल तिकडे आपणही जायचं" असं म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. बाजू एकदाच बदलायची आणि तीही ब्रेकिंगच्या आधी. ब्रेक मारताना सरकलात तर मागच्याला वळायला वावच उरत नाही, फॉर्म्युला वनमध्येसुद्धा 2016 ला एफआयएने (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) यावरच ताकीद दिली होती. ऑनलाइनला तर त्यात लॅगची भर, म्हणजे इंटरनेटमुळे चित्र उशिरा पोचणं; मी इंदूरहून बाहेरच्या सर्व्हरवर खेळतो, तुम्हाला मी अर्धी गाडी मागे दिसत असेन तेव्हा माझ्या स्क्रीनवर कधीच शेजारी आलेलो असतो.

परवा गेममधल्या मोंझा ट्रॅकवर पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) मी सरळ रस्त्यावरच उजवीकडची आतली बाजू धरली, इथपर्यंत ठीक. पण तिथे उजव्यानंतर लगेच डावं वळण आहे ना, म्हणजे बाहेरून आलेला दुसऱ्या वळणाला आपोआप आत येतो, त्याला एक गाडीची जागा ठेवायलाच हवी होती. मी नाही ठेवली. धाडकन! आयरेसिंग, म्हणजे आम्ही खेळतो तो गेम, चूक कोणाची ते बघतच नाही, दोघांनाही 4 इन्सिडेंट पॉइंट, म्हणजे धडकेचे दंडगुण. समोरचा आपलाच ग्वाल्हेरचा मित्र निघाला, आता इंदूरला आला की पोहे-जिलबी माझ्याकडून.