‘माउस’ पाहून जर्मन शिकवताना

प्रश्न असा आहे की मुलांना जर्मन यावं म्हणून ‘डी झेंडुंग मिट डेअर माउस’ (उंदराचा कार्यक्रम) हा जर्मन टीव्हीवरचा मुलांचा कार्यक्रम लावला तर कुठून सुरुवात करावी. १९७१ पासून रविवारी लागणाऱ्या या कार्यक्रमाचे सगळे तुकडे सारखे उपयोगाचे नाहीत.

सुरुवातीचं निवेदन आधी जर्मनमध्ये, मग दुसऱ्याच एखाद्या भाषेत होतं आणि शेवटी ती कुठली ते सांगतात. तिथे मूल गोंधळतं, तेव्हा आधीच सांगून ठेवा. पूर्वी परदेशातून आलेल्या कामगारांच्या मुलांसाठी ही सोय होती.

खरा माल म्हणजे ‘झाखगेशिख्टन’, वस्तू कशी बनते ते दाखवणाऱ्या छोट्या फिल्म. निवेदक पडद्यावर दिसतं तेच, छोट्या वाक्यांत सांगतो. एकच फिल्म घ्या: आधी आवाज बंद, मग आवाजासह, तिसऱ्यांदा मध्येमध्ये थांबवून क्रियापदं विचारा. अख्खा अर्धा तास लावला की मूल नुसतं चित्रं बघत बसतं.

कॅप्टन ब्लाउबेअर या खलाशी निळ्या अस्वलाच्या थापा मात्र नंतरसाठी ठेवा, त्याचा उत्तर जर्मन हेल नवख्याला झेपत नाही. कार्यक्रमातली नारिंगी उंदीर आणि निळा हत्ती ही कार्टून पात्रं बोलतच नाहीत. त्यांचे तुकडे मुलाकडून जर्मनमध्ये सांगून घ्यायला उत्तम.