अ‍ॅक्युरसी आणि प्रिसिजन: दोन्हींना ‘अचूकता’ कशी चालेल?

लीस्टकाउंट: २५ मिमीची स्लिप गेज (खरं माप पक्कं ठाऊक असलेला ठोकळा) मोजली. मायक्रोमीटरने २५.०४, २५.०४, २५.०५, २५.०४, २५.०४. व्हर्निअर कॅलिपरने २४.९६, २५.०४, २४.९८, २५.०२, २५.००. पहिला संच प्रिसाइज, पण अ‍ॅक्युरेट नाही. दुसरा अ‍ॅक्युरेट, कारण सरासरी २५.००. मराठीत दोन्हींना ‘अचूकता’ म्हणून मोकळे होतात. माझ्या मते प्रिसिजनला ‘काटेकोरपणा’ म्हणावं.

जॉबवाला: दुसरा अ‍ॅक्युरेट? त्यातल्या एकट्या २४.९६वर भरवसा ठेवून जॉब (बनवलेला भाग) पास कराल का? आयएसओ ५७२५ हे आंतरराष्ट्रीय मानक वाचा. सरासरी खऱ्या मापाजवळ असणं म्हणजे ट्रूनेस, वाचनं एकमेकांजवळ असणं म्हणजे प्रिसिजन आणि दोन्ही मिळून अ‍ॅक्युरसी. पुस्तकांत अ‍ॅक्युरसी-प्रिसिजन समजवायला चार निशाणांवर नेमबाजीच्या खुणा दाखवतात, त्या चित्राने सगळा घोळ घातलाय.

लीस्टकाउंट: व्याख्या मान्य. पण दुखणी दोन आहेत, औषधंही दोन. मायक्रोमीटरची चूक एकाच बाजूला आहे. पन्नास वाचनं घेतली तरी सरासरी २५.०४च्या आसपासच येणार. मायक्रोमीटरच्या एन्व्हिल (स्थिर तोंड) आणि स्पिंडलमध्ये (सरकतं तोंड) कोरा कागद हलका धरून ओढा, म्हणजे तोंडं पुसली जातील. मग रॅचेट (टोकाची दाब मर्यादित ठेवणारी मूठ) दोन-तीनदा टकटक होईपर्यंत फिरवून शून्य बघा. तरी +०.०४ दिसलं तर किल्लीने शून्य जुळवा, नाहीतर प्रत्येक वाचनातून तेवढं वजा करा. व्हर्निअरचं तसं नाही: हाताचा दाब कमीजास्त, सरकता जबडा ढिला, वाचताना डोळा तिरपा. तिथे सरासरी कामाला येते. चार वाचनांच्या सरासरीत विखुरलेपण निम्म्यावर येतं.

शब्दकीस: जरा वर्कशॉपबाहेर या! रोजच्या इंग्रजीत प्रिसाइज म्हणजे बारकाईने सांगितलेलं. पाच मिनिटं पुढे असलेल्या घड्याळात बघून ‘सहा त्रेचाळीस आणि बारा सेकंद’ सांगणारा प्रिसाइज, पण चूक. ‘साडेसहा वाजून गेले’ म्हणणारा बरोबर. लॅटिनमध्ये अ‍ॅक्युरेटच्या मुळाशी काळजी घेणं आहे, प्रिसाइजच्या मुळाशी कापणं. म्हणून मला ‘नेमकं’ हवं.

जॉबवाला: ‘नेमकं’ नको. ‘नेमका तोच बोल्ट सापडत नाही’ यात प्रिसिजन कुठे आलं? काटेकोरपणा एकवेळ चालेल. आणि तुमचे सेकंद आमच्याकडे रेझोल्यूशनमध्ये, म्हणजे उपकरण किती बारीक फरक दाखवतं त्यात, जातात. डिजिटल कॅलिपर पडद्यावर ०.०१ दाखवतो, पण त्याची कमाल चूक बहुधा ±०.०२ किंवा ±०.०३ दिलेली असते. खरेदीच्या कागदावर नुसतं ‘अचूकता ०.०१’ लिहिणारे इथेच फसतात. लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप) वेगळा लिहा, कमाल चूक वेगळी.