मदत हवी आहे: सर म्हणतात, ही इंग्रजी तुझी वाटत नाही

बालाघाट_98: सोमवारी प्रबंधाचं तिसरं प्रकरण द्यायचंय. हॉस्टेलवर रात्र रात्र बसून मीच लिहिलंय, पण एआयचं लिखाण पकडणारा डिटेक्टर 70 टक्के एआय दाखवतोय. काय करू? लवकर सांगा.

चष्मेवाली: विषय? एमए की पीएचडी? एआय वापरलंस का, खरं सांग.

बालाघाट_98: एमए समाजशास्त्र. नाही वापरलं. फक्त व्याकरण तपासायला.

नाना_पुणे: "फक्त"! तिथंच माती खाल्लीस.

चष्मेवाली: नाना, थांबा. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी परभाषिकांचे टोफेल या इंग्रजी परीक्षेचे 91 निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी 61 टक्के निबंध एआयचे ठरवले गेले! साधे शब्द, सरधोपट वाक्यं, म्हणून. सरांना दाखव.

नाना_पुणे: मूळ दुखणं मराठी माध्यम. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबियात जातीवरचा निबंध इंग्रजीतच वाचला ना?

टपरीवरचा: वाचला. आणि 1920 साली 'मूकनायक' मराठीत काढलं. पुढं बोला.

सोनचाफा: जर्मनीला जायला आयईएलटीएस 6.5 पुरतं का?

चष्मेवाली: वेगळा धागा काढा हो. बालाघाट, प्रकरण कशावर आहे?

बालाघाट_98: ऊसतोड. मुकादमाला कॉन्ट्रॅक्टर, उचलीला अ‍ॅडव्हान्स, कोयत्याला सिकल लिहिलंय.

टपरीवरचा: अरे, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी ना? उचल त्या जोडीला मिळते. सिकल लिहून बाई गायबच केलीस की!

बालाघाट_98: माहितीये. माझे आईबाप एक कोयता आहेत. मी स्वतः साखरशाळेत, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या पोरांच्या शाळेत होतो. पण सर म्हणतात वस्तुनिष्ठ लिही, 'मी' नको.

चष्मेवाली: हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतंस! 'कोयता' तसाच ठेव, पहिल्यांदा येईल तिथं दोन ओळींत अर्थ दे. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात तू कोण, फडात तुझ्याशी लोक कसे बोलले, हे 'मी' म्हणून लिही. समाजशास्त्रात चालतं. माझ्या प्रबंधात दीड पान होतं. आणि जुने कच्चे मसुदे तारखांसकट सरांपुढे ठेव.

नाना_पुणे: आमच्या वेळी असले लाड नव्हते.

बालाघाट_98: मसुदे वहीत आहेत, निम्मे मराठीत. चालतील?

टपरीवरचा: पळतील! आजच फोटो काढून ठेव.

सोनचाफा: 6.5 चं कुणी सांगेल का?